तहानलेली नाव

नाईलकाठी बाभळी पुष्कळ,
पण सरळ एकही नाही.
हातभर वाढते, वळते,
आणखी दोन हात, पुन्हा वळते.
अशा झाडातून लांब फळी
निघणार तरी कशी?

म्हणून इदूमामा तुकडेच कापतो.
तांब्याचा वाकस, चार घाव, धार बोथट,
दगडावर घास, पुन्हा चार घाव.
तुकड्याशेजारी तुकडा, सांध्यावर तुकडा,
भिंतीत विटा रचाव्यात
तशी नाव उंच होते.

खिळा? शोधून दाखवा.
फळीच्या कडेला खाच,
खाचेत लाकडाची जीभ,
जिभेवर दुसरी फळी. ठक्! बसली.
मग भोकांतून दोर ओवायचा,
गवताचा, आईनं मांडीवर वळलेला.
नाव शिवतात आमच्याकडे,
गोधडीसारखी.

मी हेनुत. वय नऊ पूर.
माझं काम फटींत पपायरस कोंबायचं.
बोटं सोलतात, पण बारीक बोटंच लागतात.
मामा म्हणतो, "माझं बोट फटीत जात नाही,
आणि तुझं तोंड मिटत नाही."

नदी फुगली. सगळ्यांनी रेटा दिला.
नाव पाण्यात उतरली,
आणि पाणी नावेत!
थेंब, मग धार, मग माझे घोटे बुडाले.
"मामा, गळतेय! माझ्याच फटी गळतायत!"
मामा काठावर कांदा-भाकर खात होता.
"ओरडू नकोस. सहा महिने उन्हात वाळलीय.
तहानलीय ती. पिऊ दे."

रात्रभर प्यायली.
लाकूड फुगलं, फळीला फळी भिडली,
दोर असा ताणला
की बोटानं छेडला तर गुणगुणला.
सकाळी मडक्यानं पाणी उपसलं,
परत आलं नाही.
म्हणजे, फारसं नाही.
डावीकडची एक फट अजून झिरपते.
ती कुणाची, मला माहीत आहे.

काल मामा दक्षिणेला गेला, दगड आणायला.
प्रवाह उलटा, पण वारा पाठीशी,
शीड पोट फुगवून निघालं.
येताना शीड उतरवायचं,
नदीच घरी आणते.

लेखनिक काकांनी दोन चित्रं शिकवलीत:
शिडाची नाव म्हणजे दक्षिणेला जाणं,
बिनशिडाची म्हणजे उत्तरेला.
मी दाराजवळच्या चिखलात
शिडाची नाव काढून ठेवलीय.
मामा दिसला की
तळहातानं
शीड तेवढं पुसायचं.