सात नंबरचा फ्लास्क

रन्कॉर्न, नोव्हेंबर. साडेचारलाच अंधार.
मर्सीवरच्या पुलाचे दिवे लागलेत
आणि मी सिंकपाशी, कोपरापर्यंत हातमोजे.

ग्लेनिस म्हणते, काच नको बघूस, पाणी बघ.
स्वच्छ काचेवरून पाणी पडद्यासारखं उतरतं, अखंड.
कुठे थेंब थबकला
तर तिथे कुणीतरी अजून राहतंय.

ती एकोणतीस वर्षं इथे भांडी धुते.
हुद्द्याला आता टेक्निशियन म्हणतात.
तिला विचारलं तर सांगते: भांडी.

मार्चमध्ये माझी रिअ‍ॅक्शन चालली.
एक्क्याऐंशी टक्के. कॅटॅलिस्ट न घालता.
डॉ. हॅल्सॉलनी दारातूनच दोनदा विचारलं, नक्की न घालता?
मी वहीत तारीख टाकली, खाली दुहेरी रेघ मारली,
रात्री मिरजेला फोन केला.
आईला त्यातलं काही कळलं नाही,
तरी म्हणाली, बरं झालं बाई.

मग नवा फ्लास्क घेतला. शून्य.
पुन्हा. शून्य.
सॉल्व्हंट बदललं, बाटली बदलली,
एकदा तर सोमवार टाळून मंगळवारी लावली.
शेवटी सात नंबरचाच मागितला.
तोवर ग्लेनिसने तो रात्रभर अ‍ॅसिडमध्ये बुडवला होता.
“तळाला करडी झाक होती,” ती म्हणाली,
“जुन्या कुणाचं तरी पॅलेडियम. काढलं मी.”

शून्य.

म्हणजे राबलं ते,
केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या कुणाचं
डोळ्याला दिसेल न दिसेल इतकं उरलेलं,
आणि सही माझी.

खरकटं, मी मराठीतच म्हणाले.
मग इंग्रजीत समजावत बसले:
जेवण झाल्यावर ताटात उरतं ते,
आणि ते ताट, आणि तो हात,
आणि तो हात ज्याला लागेल तेही.
“रेसिड्यू?”
जवळपास, म्हटलं. पण आणखी थोडं ओशाळवाणं.

वहीतल्या त्या पानावर आज एक तिरकी रेघ ओढली.
खोडायचं नाही असा नियम आहे,
खालचं वाचता आलं पाहिजे.

आता आधी पोटॅश, मग अ‍ॅसिड,
डिस्टिल्ड वॉटर तीनदा. भट्टी एकशेवीसवर तापतेय.
फ्लास्क दिव्यासमोर उलटा धरला.
पाणी उतरत गेलं, सरळ, शांत,
आणि मानेपाशी एक थेंब थांबला.

मी काही बोलले नाही.
ग्लेनिसची सव्वापाचची बस होती, बटणंसुद्धा लावून झालेली.
तिने कोट परत काढला.