बिनचवीचा डबा

सदरच्या दुकानात भिंतभर डबे,
प्रत्येकावर एक बिनडोक्याचा दंड फुगलेला.
पोरगा विचारतो, चॉकलेट देऊ? कुल्फी? आंबा नवीन आलाय.
म्हटलं, कशाचाच नको. साधा.
तो स्टुलावर चढतो, मागच्या रांगेतून
धूळ पुसत पांढरा डबा काढतो.
हा कोणी नेत नाही, ताई. जिमसाठी का?
सासऱ्यांसाठी, म्हटलं. एकाहत्तर पूर्ण.

डबा उलटा करून मी बारीक अक्षरं वाचते,
आमच्यात लुगडं घेताना काठ उलटून पाहतात तशी.
घटकांची एकच ओळ. साखर नाही, रंग नाही,
गोडी आणणारं ते लांब नावाचं काही नाही.
तारीख पुढच्या वर्षीची.
मेडिकलमधल्या आहारवाल्या बाईंची चिठ्ठी पर्समध्ये:
किडनी ठीक. दिवसाला दोन चमचे. जेवणातून.

जेवणातून.
कुणाच्या, ते त्यांना कुठं माहीत.
तानबाजी धकाते,
गोळीबार चौकाजवळच्या खानावळीत छत्तीस वर्षं सावजी रस्सा केलेले,
तर्रीच्या नुसत्या वासावरून सांगायचे
की खसखस जुनी आहे
आणि मसाला वाटणारी आज रागात होती.
आता मांडीचं हाड मोडून चार महिने खाटेवर.
पोटरी माझ्या मुठीत मावते.
मटण नको म्हणतात. दात नाहीत,
आणि दुसऱ्याच्या हातचं...
वाक्य तिथंच सोडून देतात.

सोमवारी उकळत्या वरणात टाकली भुकटी.
वरण फाटलं. नासक्या दुधासारखे कण, वर फेस.
ते मीच खाल्लं, ओट्याशी उभ्या उभ्या.
मंगळवारी भाकरीच्या पिठात, जरा हात सोडून.
भाकर कसली, चपलेचा तळ.
बुधवारी ताकात. मीठ, जिरं, वरून कोथिंबीर.
त्यांनी पेला खाली ठेवला.
कूलरची घरघर. बाहेर पंचेचाळीस.
"काय आहे व हे?"
"ताक आहे, बाबा."
"ताक तं आहेच. ताकात दूध कायले आलं?"

मग डबाच आणून पुढ्यात ठेवला.
चिमूटभर तळहातावर, तिथून जिभेच्या टोकावर,
डोळे मिटून,
खानावळीत पातेल्याचं मीठ पाहायचे तसे.
"चक्का टांगला का खाली हिरवट पाणी गळते ना,
ते वाळवलं कोणीतरी.
माही माय त्याच पाण्यात कणीक मळे.
आपण मोरीत ओततो अन् मंग दुकानातून आणतो."
मी किंमत सांगितली नाही.

"उकळत्यात टाकशीन तं फाटनच.
बेसन कसं कालवतं तू? पह्यले थंड्या पाण्यात, गुठळी मोडून.
गॅस बंद करजो. बोट बुडवता आलं का मंग टाकजो.
भाकरीत नको. आंबिलीत टाक,
आंबील सगळ्यायचं ऐकून घेते.
अन् ओला चमचा डब्यात घातला तं याद राख."
चार महिन्यांत इतकं कधी बोलले नव्हते.
नवऱ्याने पेपर खाली करून पाहिलं.

आज शनिवार. ज्वारीची आंबील
पंख्याखाली निवत ठेवलेली.
वॉकर ओट्यापर्यंत आला, तिथं बाजूला झाला.
एक हात ओट्याच्या कडेला, एका हातात पळी.
डावा पाय थरथरतोय.
मी मागं उभी, दोन्ही हात अर्धवट पुढं,
लहान पोराच्या मागं धरतात तसे, न लावता.
वाटीत कालवलेली भुकटी त्यांनी धारेनं सोडली,
ढवळली, पुन्हा ढवळली,
लसूण माझ्यावर सोडला नाही.

चाखून म्हणाले, मीठ कमी आहे.

मीठ बरोबर होतं. मी पाहिलं होतं.
डबीतून चिमूटभर घेतलं
आणि टाकलं.