रिकामी ओळ

जिल्हा कोर्टासमोर कडुनिंबाखाली माझं टेबल.
मे महिना. लोखंडी खुर्चीवर आधी ओला टॉवेल टाकायचा,
मगच पक्षकाराला ‘बसा’ म्हणायचं.

सहमतीच्या अर्जात तिसऱ्या कलमाखाली
एक ओळ अर्धी कोरी असते:
‘उभयतांमध्ये ........ असल्यामुळे’.
सत्तावीस वर्षं मी ती भरते आहे.
बेबनाव. वितुष्ट.
घाईत असले तर नुसतेच तीव्र मतभेद.
कोणी वाचत नाही. सही करतात, सुटे परत मागतात.

परवा गोळीबार चौकातून दोघं आले, एकाच ऑटोनं.
डोमाजी नंदनवार, वय एकसष्ट. रेवताबाई, छप्पन्न.
भाडं निम्मं-निम्मं दिलं.

मी ‘बेबनाव’ टाइप केलं.
“खोडा मॅडम,” रेवताबाई म्हणाल्या,
“भांडण कधी झालं आमचं?”
मग वितुष्ट?
“ते तं माह्या जावेसंग आहे.”

मी पाठकोऱ्या कागदावर ३ आणि ६ काढले,
म्हटलं, आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणतात,
बघा, पाठीला पाठ.
डोमाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं.
“हे तं टेकून बसले ना जी एकमेकाले.
तेवढंबी नाही आमचं.”

पहाटे चारला ती खिडकी उघडते.
साडेचारला हे लावतात.
एकतीस वर्षं. कोणी कोणाला काही बोललं नाही.

“घरी माग होता तवा,” ते म्हणाले,
“एकडाव ताण्याले एक सूत घेतलं, बाण्याले दुसरं.
दोन्ही एक नंबर.
लुगडं असं उतरलं का इतवारीतला शेठ
हात फिरवतच राहिला.
पहिल्या धुण्यात ताणा आटला. बाणा नाही आटला.
सारा पापड.
आता कोणत्या सुताले नाव ठेवता?
याले काय म्हणते तुमचं कोर्ट?”

ड्रॉवरमध्ये कोश आहे, पुठ्ठा गेलेला.
विजोड: म्हणजे जोडणारा चुकला.
विसंगत: म्हणजे कुणीतरी एक सूर बरोबर होता.
प्रत्येक शब्दाच्या बुडाशी कोणाचा तरी दोष,
करपलेल्या दुधासारखा.

“लिहा ना साधं,” रेवताबाई म्हणाल्या,
“पटून नाही राहिलं.”

माझी बोटं थांबली.
बाहेरगावचा जज असला तर हसेल,
म्हणेल, पटणं आणि राहणं ही दोन वेगळी कामं.
आम्ही इकडे जेवूनही राहतो, झोपूनही राहतो,
मरूनही राहतो काही दिवस.
‘पटत नाही’ म्हटलं की दार लागतं.
‘पटून नाही राहिलं’ यात कोणीतरी अजून घरात आहे,
कान देऊन,
पटतंय का बघत.

पण कायद्याला ‘अजून’ चालत नाही.
मी ‘विसंवाद’ घातला.
निदान त्यात संवाद तरी दिसतो, लांबून.
दोघांनी सह्या केल्या. तिची सही सुंदर आहे,
हे त्यांनी मला सांगितलं, तिला नाही.

समोर रसवंती.
एक ग्लास बिनबर्फाचा, एक बर्फाचा.
त्यांचा दोन घोटांत संपला.
मग ग्लास पालथा करून ते तसेच उन्हात उभे,
हात मागे बांधून,
तिचा बर्फ संपायची वाट बघत.

तिला अजिबात घाई नव्हती.