पट्टा कुठल्या खांद्यावरून

दुसऱ्या किमोनंतर माझ्या शिरा पळायला लागल्या.
सिस्टर महादेवी टिचक्या मारायची, गरम पाण्याची पिशवी ठेवायची.
पाचव्यांदा टोचलं तेव्हा तिचेच डोळे भरले.
म्हटलं, राहू दे गं, फुकट्या पॅसेंजर आहेत ह्या,
चेकिंग आलं की मागच्या दारानं उतरतात.

मग डॉक्टरांनी दोन चित्रं मांडली.
एक लाइन. दंडातून शिरते,
आतल्या आत काळजाच्या दाराशी जाऊन थांबते,
शेपूट बाहेर. दर आठवड्याला पट्टी बदलायची,
आंघोळीला हात दुधाच्या पिशवीत बांधून वर धरायचा.
दुसरं पोर्ट. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत,
रुपयाएवढं. ह्याला कापावं लागतं.
आणि महाग.

पोर्ट म्हटल्यावर मला वास्को आठवलं,
चोर्ल्याच्या गाडीवर होते त्या वर्षी
लांबून पाहिलेल्या क्रेन.
"तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले.
बावीस वर्षं मी विचारत आले, कुठं जाणार?
मला कुणी विचारलं तर
सुट्टे नसल्यासारखी गप्प.

शेजारच्या खाटेवर निपाणीच्या अनुसूया खराडे.
त्यांनी लाइन घेतलेली.
जुन्या मोज्याची बोटं कापून दंडावर चढवलेली,
त्याला वर लेस शिवलेली.
"अंगात काही मुक्कामाला नको बाई.
काम झालं की ओढून काढतात, सुटलं."
विड्या वळायला दोन्ही हात लागतात, त्या म्हणाल्या,
पण बसून. तुझं उभ्याचं काम.

उभ्याचंच. हिंडलग्याच्या वळणावर
एक हात वरच्या दांड्याला, एक हात मशीनला,
आणि सगळी गर्दी दंडावर.
त्या रात्री रिकामी बॅग घालून आरशासमोर उभी राहिले.
काशिनाथ खाटेवरून बघत होता. काही बोलला नाही,
दुसऱ्या दिवशी सोसायटीतून पैसे काढून आला.

थिएटरात नेताना एका पोरानं विचारलं,
अगदी सहज, टोपीची नाडी बांधता बांधता,
"अक्का, चीला याव भुजक्क हाकतीरी?"
बॅग कुठल्या खांद्याला, हे
दोन राज्यांत मिळून त्या एकट्यानं विचारलं.
उजव्या, मी म्हटलं.
तो डॉक्टरांकडे बघायला लागला.
डावीकडूनही घालता येईल, पण
उजवीकडून वाट सरळ आहे, डॉक्टर म्हणाले.
म्हटलं, मग बॅग सरकेल. माझीच आहे.

आता पट्टा डाव्या खांद्यावरून येतो.
सुट्ट्यांसाठी हात अजून उजव्या कुशीला जातो,
तिथं नुसता खाकी कोट.
सुई टोचताना महादेवी म्हणते, हेदरब्याडरी,
मग टुक्, आणि औषधाआधी
जिभेवर मिठाची चव. घशाखालून आलेली,
न खाल्लेलं मीठ.
तीन महिने उजव्या कुशीवर झोपले नाही.
ड्रायव्हर गंगाप्पा त्याला स्पीडब्रेकर म्हणतो.
मी रागावत नाही. तसंच दिसतं ते.

किमो संपून वर्ष झालं.
आता चार आठवड्यांतून एकदा नुसतं धुऊन घ्यायचं.
परवा तिथंच अनुसूयाबाई भेटल्या, तपासणीला आलेल्या.
दंड दाखवला, डास चावल्याएवढी खूण.
"बघ, काही राहिलं नाही," म्हणाल्या.
लेसचा मोजा मात्र पिशवीतच होता.

डॉक्टर विचारतात, काढून टाकूया आता?
दोन टाके, तासाभराचं काम.
मी म्हणते, पुढच्या खेपेला सांगते.

बाची संपते, शिनोळी लागते.
डोळे मिटले तरी कळतं, चाकांखालचा आवाज बदलतो.
इकडच्या बायकांना शून्याचं तिकीट,
चंदगडच्या बाईला पूर्ण, आणि ती रोज भांडते.
भांडताना तिचं कोपर वर येतं,
माझा तळवा आपोआप हाडाखाली जातो,
झाकतो, आणि दुसऱ्या हातानं
मी तिला तिकीट फाडून देते.
पुढं सरका. मुंदक नडीरी.