काहीही जोडलेले नाही

धरणगावच्या जिनिंगात कान तपासायचं शिबिर
आणि तपासणाऱ्या कॉम्प्युटरलाच ऐकू येईना.
बडगुजर मॅडमचा फोन आला तेव्हा मी
स्टँडसमोर शेवभाजीत पहिला घास बुडवत होतो.
तसाच उठलो. स्क्रू-ड्रायव्हर, स्पिरिट, दाढीचा जुना ब्रश.

काट्याच्या खोलीत टेबल लावलेलं.
रोलर बंद, तपासणीपुरते.
खुर्चीत लोटन कोळी, डोक्यावर हेडफोन,
उजवं बोट मांडीवर तयार:
शिट्टी ऐकू आली की वर करायचं.

पडद्यावर स्पीकरच्या चित्राला लाल फुली.
खाली ओळ: काहीही जोडलेले नाही.
जोडलेलं तर होतं. पिन हिरव्या भोकात गळ्यापर्यंत.
काढली, घातली. अर्धी काढून फिरवली.
मागच्या भोकात लावून पाहिली, तिथं नुसता गंज.
ड्रायव्हर उडवला, पुन्हा बसवला, मशीन बंद-चालू.
बायोसमध्ये शिरलो, एचडीचं एसी नाइंटीसेव्हन केलं,
परत एचडी.
मॅडमनी विचारलं, व्हायरस असेल का हो?
घरात कुणी अंथरूण धरलं की
बाहेरचं असेल का, विचारतात ना, तसं.

सेटिंगमध्ये एक चौकोन असतो.
तिथं खूण केली की मशीन विचारतच नाही
कुणी आलंय का;
आलंय असं धरून चालतं.
केली. फुली गेली.
पट्टी हिरवी नाचायला लागली,
मॅडम म्हणाल्या, झालं की!
आणि बटण दाबलं.
लोटननं बोट वर केलं.

मग थांबून पुन्हा.
मॅडम कागदावर टिंबं मांडत गेल्या.
चौथ्यांदा बोट वर गेलं तेव्हा
मी हात उचलून दाखवला.
पिन माझ्या चिमटीत होती.

"माले ऐकू ई ऱ्हायनं ना भाऊ," लोटन म्हणाला,
जरा जास्तच मोठ्यानं. "मन्हा कान धड शेतस."
बावीस वर्षं डबल रोलरच्या शेजारी.
दारात मुकादम, मुकादमाच्या हातात यादी.
बटण दाबताना मॅडमच्या अंगठ्याचं नख
कडेला पांढरं पडायचं.
तेवढ्यावर तो पास होत होता.

मी टॉर्च घेऊन भोकाला डोळा लावला.
आत पितळेची पाती असते, तांदळाएवढी.
पिन आली की ती बाजूला सरते
आणि मशीनला कळतं, कुणीतरी आलं.
पाती हलत नव्हती.
सुई घातली, कोरलं, ओढलं,
तर निघत राहिला कापूस.
थोडा, मग आणखी थोडा,
मळका, तेलकट, चांगला दाबून बसलेला.

आमचं आडनाव पिंजारी.
आजोबा दारोदार गाद्या पिंजायचे,
तातीचा टण्ण गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा.
त्या धंद्यातलं माझ्याकडे काही आलं नाही
असं मी समजत होतो.

स्पिरिट, फुंकर. पिन टाकली.
खट्. या वेळी मशीन आपणहून बोललं:
हेडफोन जोडला आहे.
आधी माझ्या कानाला लावून पाहिला,
शिट्टी बारीक, स्वच्छ, रातकिड्यासारखी.
तो चौकोन आठवणीनं रिकामा केला.
मॅडमनी या वेळी अंगठ्यापुढे फाइल उभी धरली.

चाळीसला बोट मांडीवर.
साठला मांडीवर.
सत्तरला त्यानं माझ्याकडं पाहिलं
आणि विचारलं, हळू, स्वतःला ऐकू जाऊ नये इतकं हळू:
"कसा ऱ्हास तो आवाज?"

मी सांगायला तोंड उघडलं
तेवढ्यात कुणीतरी खटका पाडला, रोलर सुरू झाले.
तो माझ्या ओठांकडं बघत राहिला.

पैसे देताना मुकादम कानाशी येऊन ओरडला,
काय निंघनं?
कापूस, मी म्हणालो.
"कापूसच ना?" तो म्हणाला. "मंग काही नही."
आणि यादीत पुढचं नाव पुकारलं.
कुणी उठलं नाही.
पुन्हा पुकारलं.