लूप लाइन

जळगावच्या प्रयोगशाळेत फ्रीजच्या घरघरीपलीकडून
रात्री दोनची मालगाडी ऐकू येते.
मी पेशी मोजत असते.
उंदराच्या पीयूषिकेतल्या, राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या ग्रंथीतल्या,
त्यातही फक्त त्याच
ज्यांना मेंदूच्या तळघरातून थांबून थांबून हाक येते.
सलग आली तर पेशी कान मिटून घेतात.

हे पुस्तकात असतं.
मला हवं आहे ते त्यानंतरचं:
निरोप तर आधीच लिहून झालेले असतात,
बीजकोशाला जागं करायचे,
आरएनएच्या फितीवर, शाई वाळलेली,
आणि एक प्रथिन येऊन
फितीची शेपटी धरून बसतं.
फाडत नाही. खोडत नाही.
वाचू देत नाही, एवढंच.

"मग ते करतं काय, मॅडम?" शबनूर विचारते.
शबनूर तडवी, यावलहून रोज बसने येते,
डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा.
धरतं, मी म्हणते.
"फक्त धरतं?"

अण्णा भुसावळच्या यार्डात लिव्हरमन होते,
एकोणतीस वर्षं, पश्चिमेच्या केबिनीत.
गल्लीतले भारंबे म्हणायचे, याला पगार कशाचा,
तर गाड्या उभ्या करण्याचा.
कोळशाचे अठ्ठावन्न डबे लूप लाइनीवर,
गार्ड शिव्या देतोय,
आणि अण्णा लिव्हरवर फडकं टाकून शांत.
"पुढे मोकयं नाही," म्हणायचे.
एवढंच.

मागच्या महिन्यात आम्ही ते प्रथिन काढून टाकलं,
त्याच पेशींतून, बाकीच्या तशाच ठेवून.
निरोप होते तेवढेच राहिले. तीनदा मोजले.
रक्तातलं संप्रेरक मात्र चढत गेलं,
जणू केबिनीला कुलूप लावून कुणी घरी गेलं
आणि सगळ्या सिग्नलांचे हात एकदम पडले.

पोट भरल्याची बातमी चरबीकडून येते.
ती न पोचलेल्या उंदरांत पकड आणखी घट्ट:
हाक ऐकणाऱ्या कानाचासुद्धा निरोप
धरून ठेवलेला.
शबनूर पिपेट खाली ठेवून म्हणाली,
केळीकटाईच्या दिवसांत माझ्या बहिणीची पाळी चुकते.
मी वहीत काही लिहिलं नाही.
उंदरावरून माणसावर उडी मारू नये,
मीच शिकवलंय तिला.

दिवाळीत घर आवरताना
अण्णांच्या जुन्या रजिस्टरात पोस्टकार्ड सापडलं.
सावद्याचं स्थळ, माझ्यासाठी. मुलाचं खताचं दुकान.
उत्तर त्वरित कळवावे.
शिक्क्यावरच्या तारखेला मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात.
कोपरा दुमडलेला नाही, उत्तर दिल्याची खूण नाही.
मागे पेन्सिलीने, त्यांच्या ड्युटीच्या अक्षरात:
थांबवली २३.४०.
सुटली, आणि पुढे रकाना कोरा.

आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.
पोरगा चांगला होता, म्हणते अजून.
असेलही.
आणखी कुणाकुणाची पत्रं होती त्या रजिस्टरांत,
ताईची, काकाची, कदाचित त्यांची स्वतःची,
मी विचारलं नाही.
बाकीची रजिस्टरं रद्दीत गेली होती.

आता त्यांना कमी ऐकू येतं.
बशीत चहा ओतत विचारलं,
"तू काय करते वं तिथं रात्रभर?"
मी सांगितलं, जमेल तसं, मोठ्याने,
फीत, शेपटी, धरून बसणारा.
त्यांनी बशी खाली ठेवली.
"मंग काढून कामून टाकलं त्याले?"

पाहायला, म्हटलं.
तो होता तोवर
तो काय करतो ते दिसत नव्हतं.

यावर ते काही बोलले नाहीत.
चहावर साय धरली.

दोन वाजून वीस मिनिटं झाली.
मालगाडी अजून आलेली नाही.
आउटरला उभी असेल.