बिनकाट्याचा

सियागंजातून धणे आणले, अख्खे.
खलबत्त्यात टाकले, पार भुकटी नाही केली.
दाताखाली फुटायला हवेत, हे माझं मत.
बाबांना खालचे चार दात उरलेत.
तरी मत माझंच.

मग बडीशेप, मिरे, सुक्या मिरचीची भरड,
आणि घरात दुसरं काही नसलं तरी असतंच ते
जिरावण.
"पोह्यांवर भुरभुरायची वस्तू, माशाला?"
मी म्हटलं, इंदुरात आलाय,
होईल त्यालाही सवय.

मासा तसा कुठलाच नाही.
बर्फातला, पाकिटातला, पांढरा, गुळगुळीत,
डोकं नाही, शेपूट नाही, विचारायचं कुणाला?
"बासा," दुकानातला पोरगा म्हणाला.
"बासा म्हणजे बासी का रे?" बाबा म्हणाले
आणि स्वतःच हसत राहिले, ठसका लागेपर्यंत.

होळीनंतर रोहूचा काटा
त्यांच्या घशात रुतला होता.
भाताचे गोळे झाले, केळी झाली,
शेवटी एम. वाय. हॉस्पिटल, रात्रीचा दीड,
एक शिकाऊ डॉक्टरीण चिमटा उंच धरून म्हणाली,
हा बघा. आता बिनकाट्याचंच खायचं.
बाबांनी तो काटा कागदात गुंडाळून घरी आणला.
किती भरतो ते बघायचं होतं.

एकतीस वर्षं ते देवास नाक्याच्या धरमकाट्यावर.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक.
सोयाबीन, सरकी, भंगार,
एकदा सर्कशीचा हत्ती, माहुताला चिठ्ठी हवी होती.
काटा थरथरतोय तोवर
चिठ्ठी फाडायची नाही, ते सांगायचे.
ड्रायव्हर शिव्या देईल. देऊ दे.
थांबू द्यायचा.

तुकडे फडक्यानं टिपले, परत टिपले.
ओल राहिली की मसाला पाय काढतो.
एकाच अंगाला मसाला दाबला, तळव्यानं,
ताप बघताना कपाळावर दाबतो तितकाच.
तवा बिडाचा, आईचा.
वसईहून सासरी येताना तिनं तो ट्रंकेत
शालूच्या खाली घातला होता.
शालूला अजून त्याचा वास आहे.

तेलातून धूर निघाला. मासा ठेवला, मसाला खाली.
आता काम एकच: हात न लावणं.
कालथा हातात आणि जीव कालथ्यात.
सुरुवातीला तवा धरून ठेवतो माशाला,
ओढलात तर वाटणी होते,
मसाला तव्याला, मासा तुम्हाला.
मी कड उचकटून बघणार,
तेवढ्यात खुर्चीतून, डोळे मिटलेले:
"थरथरतोय अजून."

डक्टच्या खिडकीतून शुक्ला भाभी:
"रात को पोहे?"
"हां भाभी."
जिरावणानं माझी लाज राखली.

चरचर बारीक झाली. मग आणखी बारीक.
"थांबला," बाबा म्हणाले.
कालथा नुसता टेकवला आणि तो सुटला, आपणहून,
काळसर तांबडा, धण्यांची टरफलं फुटलेली,
एका कोपऱ्यात जरा करपलेला. तो कोपरा मी घेतला.

भात, लिंबू, मासा.
बाबांची बोटं कामाला लागली.
अंगठा आणि दोन बोटं, घास दाबत, सरकवत, 
परत दाबत.
"नाहीये बाबा त्यात काटा."
"माहितेय."
आणि परत.

मी नऊ वर्षांची होईपर्यंत
माझ्या ताटातले काटे यांनीच वेचले.
आई चिडायची, वसईच्या पोरीची पोर
आणि काटा काढता येत नाही, सांगू कुणाला?
ताटाच्या कडेला त्यांनी मांडलेली ती रांग,
मोठ्यापासून बारक्यापर्यंत,
जणू वजनाप्रमाणे.

"कसा झालाय?"
"मसाला जास्त आहे. बरोबर आहे."
मग पुष्कळ वेळ चाचपलेला एक घास
माझ्या ताटाच्या कडेला ठेवला.
मी त्रेचाळीस वर्षांची.

"घे," म्हणाले, "बघितलाय मी."